वैयक्तिक लक्ष किती मिनिटांचं असतं?

'मर्यादित जागा, अनुभवी शिक्षक, प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष.' पुण्या-मुंबईपासून लातूर-नांदेडपर्यंत कुठल्याही क्लासच्या फलकावर हा मजकूर सापडतो. २०२० मध्ये टाळेबंदी आली, क्लास मोबाइलच्या पडद्यावर गेले, फलकाची जागा व्हॉट्सअॅपवरच्या जाहिरातीने घेतली, पण मजकूर तोच राहिला. त्यातल्या तिसऱ्या वचनाचा हिशोब सहसा कुणी मांडत नाही. समजा, एका ऑनलाइन तुकडीत ६० मुलं आहेत आणि शिक्षकाने प्रत्येकाला आठवड्यातून फक्त १० मिनिटं द्यायची ठरवली. ६०० मिनिटं झाली, म्हणजे १० तास. तासाची तयारी, प्रत्यक्ष शिकवणं, चाचण्या, पालकांचे फोन हे सगळं त्याच्या बाहेर. अशा दोन तुकड्या असतील तर २० तास. इतका वेळ कुणाकडेच नसतो. मग शिक्षकापुढे दोनच वाटा उरतात. वचन गुपचूप सोडून द्यायचं, किंवा झोपेतून आणि घरच्यांच्या वाट्यातून वेळ काढून ते पाळत राहायचं. मनाने चांगले असलेले शिक्षक दुसरी वाट धरतात आणि वर्ष-दोन वर्षांत मोडून पडतात.

माझं म्हणणं असं, की हे गणित सुरुवातीलाच चुकीचं मांडलं जातं. वैयक्तिक लक्ष म्हणजे विद्यार्थ्यामागे मोजून दिलेली मिनिटं, आणि चांगला शिक्षक म्हणजे केव्हाही मेसेज टाकला तरी उत्तर देणारा शिक्षक, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. लक्ष देणं आणि सतत हजर राहणं ही दोन निराळी कामं आहेत. शिक्षक थकतो तो मुख्यतः दुसऱ्याने. मुलाला उपयोग होतो तो पहिल्याचा.

यामागचं संशोधन जुनं आणि बरंच भक्कम आहे. शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एक लेख लिहिला. त्यांच्या संशोधक विद्यार्थ्यांनी मुलांचे तीन गट करून पाहिले होते. पहिला गट नेहमीच्या वर्गात शिकला. दुसराही वर्गातच शिकला, पण तिथे प्रत्येक घटकानंतर छोटी चाचणी, चुका दुरुस्त करायला वेळ आणि पुन्हा चाचणी अशी पद्धत ठेवली होती. तिसऱ्या गटात एका मुलामागे एक शिक्षक. या तिसऱ्या गटातला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. हा आकडा जगभर गाजला आणि आजही शिकवण्यांच्या जाहिरातींत डोकावतो. दुसऱ्या गटाची गोष्ट मात्र मागे पडली. तिथे शिक्षक एकच होता, मुलं ३० च्या आसपास होती, तरीही सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ८४ टक्के मुलांच्या पुढे होता. शिक्षकांची संख्या न वाढवता, फक्त 'चूक शोध, दुरुस्त करू दे, पुन्हा बघ' एवढ्यावर हे साधलं.

ब्लूम यांचे आकडे पुढे टिकले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एकास एक शिकवणीचा परिणाम ब्लूम म्हणतात त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. तरी तो शिक्षणातल्या बहुतेक उपायांपेक्षा मोठाच होता. त्या आढाव्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. उदाहरण सोडवताना पायरीपायरीला 'इथे चुकलास' असं दाखवणाऱ्या संगणकीय शिकवण्यांचा परिणाम जवळजवळ माणसाच्या शिकवणीइतकाच होता. फक्त शेवटचं उत्तर बरोबर की चूक एवढंच सांगणाऱ्या प्रणाली बऱ्याच मागे होत्या. म्हणजे शेजारी बसून शिकवण्यात जे गुणकारी असतं, त्याचा मोठा भाग नेमकी कोणती पायरी घसरली हे वेळेवर कळण्यात असतो. शेजारी बसणं हा तिथवर पोचण्याचा एक मार्ग झाला, एकमेव नव्हे.

घसरलेली पायरी ६० मुलांच्या बाबतीत कशी शोधायची? इथे शिक्षकाच्या मदतीला एक सुदैवी वस्तुस्थिती येते. मुलांच्या चुका वाटतात तितक्या विखुरलेल्या नसतात. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास केला. निष्काळजीपणाच्या समजल्या जाणाऱ्या अनेक चुकांमागे एक ठाम, पण चुकीचा नियम असतो आणि मूल तो इमानदारीने पाळत असतं, असं त्यांना दिसलं. ५२ मधून ३८ वजा करायला सांगा. काही मुलं २६ लिहितील. त्यांनी एककाच्या घरात मोठ्यातून लहान वजा केला, ८ मधून २, आणि दशकाच्या घरात ५ मधून ३. हे मूल हातच्याची वजाबाकी 'विसरलेलं' नाही. त्याच्या डोक्यात 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचा' हा नियम पक्का बसलाय. त्याला 'नीट लक्ष दे' असं दहा वेळा सांगूनही उपयोग होणार नाही. अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुलं, इंग्रजीत प्रत्येक भूतकाळी क्रियापदाला 'ईडी' लावणारी मुलं, मराठी निबंधात प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करणारी मुलं, सगळ्यांचं असंच असतं. ६० मुलांच्या एका चाचणीत चुकांचे मुख्य प्रकार चार-पाच, फार तर सहा निघतात. माझ्या पाहण्यातल्या ज्या ज्या शिक्षकांनी हे करून पाहिलं, त्यांचा अनुभव हाच आहे.

म्हणून ऑनलाइन तासाच्या शेवटची पाच मिनिटं राखून ठेवावीत आणि तीन प्रश्नांचा एक छोटा गुगल फॉर्म द्यावा. ज्यांच्याकडे डेटा कमी आहे त्यांनी वहीत सोडवून एकच फोटो पाठवावा. तीनच प्रश्न, पण असे निवडलेले की चुकीचं उत्तर पाहून चुकीचा नियम ओळखता यावा. मग उत्तरं गुणांनुसार न लावता चुकांच्या प्रकारानुसार लावावीत. ज्या प्रकारात १४ मुलं आहेत त्यांच्यासाठी एकच दीड-दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज करावा, आणि तो त्या १४ जणांना स्वतंत्रपणे, प्रत्येकाच्या नावाने, त्याच्या वहीच्या फोटोखाली पाठवावा. बोलणं एकदाच झालं. मुलाला मात्र मिळालं ते त्याच्याच चुकीबद्दलचं बोलणं. साठ मेसेज टंकत बसण्याऐवजी हे काम पाऊण तासात होतं. आवाजाचा आणखी एक फायदा आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थ्यांना लेखी शेऱ्यापेक्षा शिक्षकाच्या आवाजातला शेरा अधिक आस्थेचा वाटतो, असं फिल आइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००७ च्या एका अभ्यासात आढळलं. ज्या मुलाने शिक्षकाला प्रत्यक्ष कधी पाहिलेलंच नाही, त्याच्यासाठी आवाज ही बरीच मोठी गोष्ट असते.

मुलांना वयानुसार नव्हे तर ती जिथे अडली आहेत त्यानुसार गटांत बसवायचं, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९० च्या दशकात काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने याच तत्त्वावर वाचन-गणिताची पद्धत उभी केली आणि ती पुढे आफ्रिकेपर्यंत पोचली. बोत्सवानात ती पद्धत राबवणाऱ्या एका संस्थेसोबत संशोधकांनी २०२० मध्ये, शाळा बंद असताना, एक प्रयोग केला. नोम अँग्रिस्ट, पीटर बर्गमन आणि मोइत्शेपी मात्शेंग हे ते संशोधक. साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबं त्यात होती. काही घरांना आठवड्याला गणिताचं एक उदाहरण एसएमएसने जाई. काहींना तो एसएमएस आणि शिवाय आठवड्यातून एकदा १५-२० मिनिटांचा फोन. फोनवर शिक्षक मुलाशी आणि पालकाशी बोलत, ते उदाहरण सोडवून घेत. ना व्हिडिओ, ना स्मार्टफोन, ना अॅप. नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. फोन मिळालेल्या मुलांचं गणित मात्र स्पष्टपणे सुधारलं. पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा या पाच देशांत हाच प्रयोग झाला. काही ठिकाणी फोन करणारे सरकारी शिक्षकच होते आणि तिथेही गुण आला.

या प्रयोगात मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, फोन आठवड्यातून एकदाच होता, त्याला ठरलेली लांबी होती आणि ठरलेला विषय होता. शिक्षक दिवसभर उपलब्ध नव्हता. दोन, फोन शिक्षकाने केला, मुलाने नव्हे. 'शंका असेल तर केव्हाही विचारा' असं सांगून आपण मोकळे होतो, पण ज्याला सर्वांत जास्त अडतं तोच मुलगा सर्वांत कमी विचारतो. शंका विचारायलासुद्धा थोडंफार समजलेलं असावं लागतं. दार उघडं ठेवलं की हुशार आणि धीट मुलंच आत येतात. शिक्षकाचे सगळे तास त्यांच्यात जातात आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा ऑनलाइनमध्ये तर बाकासकट नाहीसा होतो.

थकव्याचं शास्त्रही समजून घ्यायला हवं, कारण 'थोडी विश्रांती घ्या' हा सल्ला अपुरा पडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणं मांडली. पडद्यावर अनेक चेहरे अगदी जवळून, सतत आपल्याकडेच पाहत असल्यासारखे दिसतात. मान डोलावणं, कपाळावरची आठी असे नेहमीचे इशारे नीट पोचत नाहीत, म्हणून ते पाठवायला आणि वाचायला जास्त मेहनत पडते. स्वतःचा चेहरा तासन्‌तास समोर असतो. आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत बसून राहावं लागल्याने हालचाल थांबते. त्याच गटाने १० हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. दर सात स्त्रियांपैकी एकीला आणि दर वीस पुरुषांपैकी एकाला हा थकवा फार तीव्र जाणवत होता. स्वतःला पडद्यावर पाहत राहण्याचा ताण हे या फरकामागचं एक मोठं कारण निघालं. आपल्याकडे घरून शिकवणाऱ्यांत स्त्रिया किती आहेत ते आठवा. स्वयंपाकघर आवरून, मागे पसारा दिसू नये म्हणून भिंतीला टेकून त्या तास घेतात. झूम आणि गुगल मीट दोन्हींमध्ये स्वतःचा चेहरा स्वतःपुरता लपवण्याची सोय आहे. ती आजच वापरायला सुरुवात करावी. उभं राहून शिकवावं, फोन उंचावर ठेवावा, शक्य असेल तर भिंतीवर फळा लावून त्याच्यासमोर हालावं-चालावं. शाळेत तास घेताना कुणी ४० मिनिटं खुर्चीला खिळून राहत नाही.

शरीराचा थकवा असा थोडाफार आवरता येतो. त्याहून खोल गोष्ट निराळी आहे. क्रिस्टिना मास्लाक यांनी कामातून येणाऱ्या खचलेपणाचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८१ साली त्यांनी सुझन जॅक्सन यांच्यासोबत तयार केलेली प्रश्नावली आजही वापरतात. त्यांच्या मते या खचण्याची तीन अंगं आहेत. पहिलं, सगळी शक्ती संपल्याची भावना. दुसरं, ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं. तिसरं, आपल्या कामाचा काही उपयोग होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये याला आजार न म्हणता कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवलं. शिक्षकाच्या बाबतीत दुसरं अंग सर्वांत घातक. खचलेल्या शिक्षकाला मुलं हजेरीतले क्रमांक दिसू लागतात. म्हणजे वैयक्तिक लक्ष देण्याच्या हट्टापायी जो स्वतःला झिजवतो, त्याच्याकडून हरवते ती आधी वैयक्तिक लक्ष देण्याची क्षमताच.

तिसऱ्या अंगाबद्दल ऑनलाइन शिक्षणाच्या चर्चेत फारसं बोललं जात नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. वर्गात शिकवताना शिक्षकाला दिवसातून कितीतरी वेळा मोबदला मिळतो. अवघड गोष्ट समजल्यावर मुलाचा चेहरा खुलतो, कुणी 'हां, म्हणजे असं होय' म्हणतं, तास संपल्यावर दोघं-तिघं टेबलाभोवती रेंगाळतात. त्यावर शिक्षकाचा दमलेला दिवस तरून जातो. पडद्यावर समोर काळे चौकोन आणि त्यात आद्याक्षरं. 'सर, आवाज येत नाहीये' एवढाच प्रतिसाद. शिकवलेलं कुठे उतरलं की नाही हे कळण्याचा मार्गच बंद होतो आणि शिक्षकाला आपण विहिरीत बोलतोय असं वाटू लागतं. मुलांवर कॅमेरा चालू ठेवायची सक्ती हा यावरचा उपाय नव्हे. एका खोलीच्या घरात चार माणसं वावरत असताना कॅमेरा लावायला मुलाला संकोच वाटतो, आणि तो योग्यच आहे. त्यापेक्षा दुरुस्त केलेलं काम परत मागवावं. तीन प्रश्नांतला जो चुकला तो मेसेज ऐकून पुन्हा सोडवायचा आणि फोटो पाठवायचा, एवढा एकच नियम. मुलाची चूक सुधारते हे तर खरंच. पण शिक्षकालाही आपल्या दीड मिनिटाच्या बोलण्याने सोमवारचे २६ बुधवारी १४ झालेले दिसतात. ऑनलाइन शिक्षकाला मिळणारा हाच मोबदला आहे आणि तो मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

आता शेऱ्यांकडे. शिक्षकाचा सर्वांत जास्त वेळ तपासणीत जातो आणि त्यातला बराच वाया जातो. जेरुसलेममधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर प्रयोग केला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम आणि रस दोन्ही टिकले. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले, त्यांना शेऱ्याचा काही लाभ झाला नाही. हे वाचून कुणाही शिक्षकाला आपल्या वाया गेलेल्या रात्री आठवतील. मूल गुण बघतं, शेजाऱ्याचे गुण बघतं आणि वही मिटतं. तेव्हा परीक्षेत गुण द्यायचे तर फक्त गुण द्यावेत, तिथे परिच्छेदभर लिहू नये. सरावाच्या कामावर गुण देऊ नयेत, तिथे एक नेमका शेरा द्यावा. एकाच कागदावर दोन्ही करणं म्हणजे दुप्पट कष्ट आणि अर्धं फळ.

शेऱ्यात काय असावं? 'छान', 'सुधारणा आवश्यक', 'अक्षर सुधारा' हे आपले पिढीजात शेरे कुणाच्याही वहीवर चालतात, म्हणून ते कुणाचेच नसतात. त्याजागी त्या मुलाने पुढे करायची एक कृती असावी. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ डिलन विल्यम यांचा आग्रह असा, की शेऱ्यामुळे शिक्षकापेक्षा विद्यार्थ्याला जास्त काम पडलं पाहिजे. त्यांनी सुचवलेली एक युक्ती फार उपयोगी आहे. २० उदाहरणांपैकी पाच चुकली असतील तर चुकीच्या खुणा करत बसू नका. 'यातली पाच चुकली आहेत, शोधून दुरुस्त कर' असं सांगा. शिक्षकाची दहा मिनिटं वाचतात आणि मूल अर्धा तास स्वतःच्या कामाकडे बारकाईने पाहतं. टीका कडक असेल तेव्हा तिच्यासोबत कारणही सांगावं. अमेरिकेत डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवीच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारखेच शेरे लिहिले. फक्त काही वह्यांवर अशा अर्थाची एक चिठ्ठी जोडली, की माझ्या तुझ्याकडून अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे देतोय. ती चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी वाढलं. शिक्षकांवर विश्वास ठेवायला ज्यांच्याकडे कारणं कमी होती, त्यांच्यावरच एका वाक्याचा सर्वांत जास्त परिणाम झाला. आपल्याकडेही घरात पहिल्यांदाच शिकणारी मुलं आहेत. शेऱ्याचा अर्थ ती 'मी नालायक' असाच लावतात.

चुकांचे गट, व्हॉइस मेसेज, परत मागवलेलं काम एवढं झाल्यावरही एकट्याने, नाव घेऊन, मोकळेपणाने बोलण्याची गरज उरतेच. त्यासाठी पाळी लावावी. दर आठवड्याला १२ मुलं, प्रत्येकी १० मिनिटं. आठवड्याचे दोन तास झाले आणि पाच आठवड्यांत ६० जणांचा फेरा पूर्ण होतो. वर्षाच्या सुरुवातीला हा फेरा लवकर संपवावा. दूरशिक्षणात गळती सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त होते आणि संस्थेने आपणहून लवकर साधलेला संपर्क मुलांना टिकवून धरतो. बोलताना समोर त्या मुलाची नोंद असावी, दवाखान्यात डॉक्टरांसमोर केसपेपर असतो तशी. दोन ओळी पुरतात. 'छेद समान करायला शिकली. फोन वडिलांचा, संध्याकाळी मिळतो. चित्रकलेची आवड.' पाच आठवड्यांनी पुन्हा पाळी येईल तेव्हा 'ते छेदाचं आता जमतंय ना?' असं विचारता येतं. शिक्षकाची स्मरणशक्ती अचाट असायची गरज नाही, वही पुरते. मुलाला मात्र कळतं की आपण कुणाच्या तरी लक्षात आहोत.

पाळीच्या बाहेर एकच यादी ठेवावी, गप्प झालेल्यांची. सलग दोन वेळा फॉर्म भरला नाही की त्या मुलाचं नाव या यादीत येतं आणि पहिला फोन त्याला जातो. 'का आला नाहीस' असा जाब विचारणारा नव्हे, 'दिसला नाहीस, सगळं ठीक ना?' असं विचारणारा. बहुतेक वेळा कारण अभ्यासाचं नसतंच. घरात एकच फोन असतो, तो वडील कामावर नेतात, किंवा बहिणीचा तास त्याच वेळी असतो, किंवा रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं आणि पाऊस लागलाय. त्याला तासाचं रेकॉर्डिंग आणि रात्री नऊपर्यंत पाठवायची मुभा एवढीच मदत हवी असते.

तासातल्या एका बारीक गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. ऑनलाइनमध्ये आवाज पोचायला, म्यूट काढायला, धीर गोळा करायला त्याहून जास्त वेळ लागतो. दहा सेकंदांची शांतता शिक्षकाला फार जड जाते, पण ती सोसावी. नाहीतर सगळ्यांना आधी चॅटमध्ये उत्तर लिहायला सांगावं आणि 'आता पाठवा' म्हटल्यावर एकदम पाठवायला सांगावं. घसा वाचतो आणि ६० जणांची उत्तरं एका नजरेत दिसतात.

राहिला प्रश्न उपलब्धतेचा. टपालाने शिकवण्याच्या आरंभकाळाकडे पाहिलं तर हा प्रश्न सुटायला मदत होते. आयझॅक पिटमन यांनी १८४० साली इंग्लंडमध्ये नव्याने सुरू झालेल्या स्वस्त टपालाचा उपयोग करून लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी बायबलमधले उतारे लघुलिपीत उतरवून पाठवत आणि ते तपासून परत येत. काम वाढलं तसं तपासणीसाठी एक मंडळ उभारलं गेलं आणि इतरांनी तो भार उचलला. उत्तर यायला दिवस लागत, पण ते येणार याची खात्री असे आणि ते आपल्याच कागदावर येई. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची, १९८९ पासूनची, संपर्क सत्रं आणि समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, ही रचना याच वंशातली. तिथल्या विद्यार्थ्याला आपल्या समंत्रकाला कोणत्या दिवशी भेटता येईल हे माहीत असतं. त्याला रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवरच्या निळ्या खुणेची वाट पाहावी लागत नाही. झटपट उत्तरापेक्षा खात्रीचं उत्तर शिकणाऱ्याला जास्त आधार देतं. म्हणून सत्राच्या पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगून टाकावं: शंका मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ, वहीवरचा शेरा दोन दिवसांत, रात्री आठनंतर आणि रविवारी फोन बंद. शिकवण्यासाठी वेगळा नंबर ठेवावा. पहिले पंधरा दिवस कुरबुर होते, मग सगळे त्याला सरावतात.

ग्रुपवर येणारे निम्मे प्रश्न तर शिकण्याचे नसतातच. उद्या तास किती वाजता, लिंक कुठली, चाचणीला कोणते धडे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये अशोक गोयल यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात ३०० च्या आसपास विद्यार्थ्यांचे एका सत्रात १० हजारांच्या घरात संदेश येत. २०१६ मध्ये त्यांनी 'जिल वॉटसन' नावाची संगणकीय साहाय्यक तयार केली. ती अशा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं देई आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना ती यंत्र आहे हे कळलंही नाही. आपल्याला इतकं करायची गरज नाही. ग्रुपच्या माथ्यावर पिन केलेला एक मेसेज आणि आठवड्याचं वेळापत्रक यांनी पुष्कळ काम होतं. मोठ्या वर्गातल्या दोन जबाबदार मुलांना आठवड्याआड 'माहिती प्रतिनिधी' करावं. आताची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं उदाहरणाची पायरीही समजावू शकतात आणि ती वापरायला माझी हरकत नाही. पण गप्प झालेल्या मुलाला फोन करणं हे शिक्षकाचंच काम. आपण दिसलो नाही तर कुणाला तरी चुकल्यासारखं वाटतं, ही खात्री यंत्राकडून मिळत नाही.

हे सगळं एकट्या शिक्षकाच्या शिस्तीवर सोडणं अन्यायाचं आहे. तुकडीत २०० मुलं भरून वर 'वैयक्तिक लक्ष' छापणारे संस्थाचालक मुलांनाही फसवतात आणि शिक्षकालाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा एक शिक्षक दिला, जो त्याचं काम तपासतो, आणि तपासणीला शिकवण्याइतकंच महत्त्व दिलं. तपासणीचे, फोनचे, नोंदींचे तास पगारात मोजले जात नाहीत तोवर ते शिक्षकाच्या झोपेतूनच येणार. संस्थाचालकांना विनंती एवढीच, की शिक्षकाला प्रत्येक तासामागे निदान अर्धा तास या कामासाठी लेखी द्या. त्याचे पैसे द्या. ते जमत नसेल तर जाहिरातीतली ती ओळ काढून टाका.

आणि शिक्षकांना: या रविवारी हजेरी घेऊन बसा. पहिल्या आठवड्याची १२ नावं लिहा, त्यात गप्प झालेली मुलं आधी. उरलेल्या ४८ जणांबद्दल मनात अपराधी भाव ठेवू नका. त्यांचे आठवडे त्याच कागदावर लिहून ठेवा आणि रात्री आठ वाजता फोन बंद करा.